डर्बी जिंकली त्या अधिकात

मंगळवारी सकाळी दुर्गाबाईंनी तांदूळ भिजत घातले आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हतीच. अधिक वैशाख चालू होता, तांदूळ जुने होते, आणि पातेलं स्वयंपाकघरात न ठेवता त्यांनी देव्हाऱ्याखाली सरकवलं होतं. म्हणजे तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत सुकवायचं, कुटायचं, चाळायचं, गुळात मळून पुन्हा तीन-चार दिवस मुरत ठेवायचं. अनारसे. आणि अधिकात अनारसे होतात ते जावयाच्या वाणासाठी.

या घराला जावई एकच होता, रेल्वेतला गार्ड जयसिंग. लेक उषानं त्याच्याशी कोर्टात लग्न केलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत त्याला या घराचा उंबरा दिसलेला नव्हता.

सून शारदा भाजी निवडता निवडता पातेल्याकडे बघत राहिली.

"आई, अप्पांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांनीच तर सांगितलंय."

"कधी?"

"मागल्या अधिकात."

शारदाला हसू फुटलं आणि ते लपवायला तिनं पदर तोंडाला लावला. मागल्या अधिकातली ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तीन वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनी वाणाचा विषय काढला तेव्हा अप्पा, म्हणजे अनंतराव, रेडिओची सुई फिरवत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले होते, "डर्बी लीग जिंकेल ना, त्या वर्षी दे." मुलगा मधुसूदन तर पोट धरून हसला होता.

अनंतराव झाशीच्या रेल्वे वर्कशॉपातले, आता निवृत्त झालेले फोरमन. स्वातंत्र्यानंतर रेल्वेनं काही माणसं शिकायला विलायतेला धाडली, त्यांत तेही होते. दीड वर्ष ते डर्बी नावाच्या गावी इंजिनांच्या कारखान्यात राबले आणि शनिवारी कारखान्यातल्या लोकांबरोबर फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत डर्बी काउंटी पहिल्या विभागातून खाली घसरली. ते झाशीला परतल्यावर आणखी एक पायरी उतरली. दुसरा कुणी असता तर बरासा संघ बघून तिकडे गेला असता. अनंतरावांनी रेडिओ घेतला, आणि लोक शनिवार मारुतीला धरतात तसा त्यांनी तो डर्बीला धरला. सतरा वर्षं त्या संघानं त्यांना काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

मागल्या अधिकाच्या जरा आधी डर्बी पुन्हा पहिल्या विभागात चढली होती. नुकता वर आलेला संघ लीग जिंकणार, ही बोलायचीच गोष्ट. 'जयसिंगाला वाण कधीच नाही' हे अनंतरावांनी आपल्या पद्धतीनं सांगितलं होतं.

आणि आता, बहात्तरच्या मे महिन्यात, डर्बी सगळ्यांच्या वर होती. एकाच गुणानं, पण वर. पहाटेच रेडिओनं सांगितलं होतं की शेवटच्या सामन्यात तिनं लिव्हरपूलला एका गोलनं हरवलं. डर्बीचे सामने संपले. लीड्स आणि लिव्हरपूलचा एकेक सामना उरला होता, दोन्ही पुढच्या सोमवारी. लीड्सनं नुसती बरोबरी केली तरी गुण सारखे होऊन गोलांच्या हिशेबात लीग तिची. लिव्हरपूल जिंकली आणि लीड्स हरली, तर त्याच हिशेबात लिव्हरपूलची. दोघींचंही बिनसलं तरच डर्बीची.

"आणि नाहीच जिंकली तर?" शारदानं विचारलं.

"तर अनारसे आपण खाऊ. वाया थोडेच जातात?" दुर्गाबाई म्हणाल्या. पण हे बोलताना त्यांनी देवाकडे एकदा बघून घेतलं. उषाच्या वाटणीचं हळदीकुंकू, तिची साडी, तिचं माहेरपण, सगळं चार वर्षं त्यांनी चोरून तिच्या क्वार्टरवर नेऊन दिलं होतं. आता त्यांना चोरीचा कंटाळा आला होता.

*

शुक्रवारी मधुसूदन ऑफिसातून आला तो ओसरीत पसरलेल्या तांदळावर पाय पडता पडता वाचला.

"आई, हे काय चाललंय?"

"तांदूळ सुकतायत."

"लीड्सला बरोबरी पुरे आहे. नुसती बरोबरी! डर्बीचे खेळाडू स्वतःच हात झटकून स्पेनच्या कुठल्याशा बेटावर सुट्टीला गेलेत. रेडिओवर सांगितलं. आणि तू इथे झाशीत तांदूळ सुकवतेयस."

"मग तू कशाला एवढा चिडतोस?"

मधुसूदन हातपाय धुवायला गेला. चिडण्याचं कारण त्याला नीट ठाऊक होतं, सांगता येत नव्हतं एवढंच. बहिणीनं बुंदेल्या रजपुताशी लग्न केलं म्हणून लोक चार शब्द बोलले, ते त्यानं गिळले असते. पण जयसिंगाला घरात आणणारा तोच होता. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या संघात जयसिंग गोलकीपर आणि मधू त्याच्या पुढे फुलबॅक. सहा वर्षं एकत्र खेळले. मागे जयसिंग आहे म्हटल्यावर मधूनं कधी वळून बघितलं नव्हतं. आणि नेमकं त्याच्या मागेच हे सगळं झालं, त्याच्याच घरात, त्याच्याच बहिणीशी, आणि त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

संघाला शिकवायचे अनंतराव. सतरा वर्षांचा उंच, ताठ जयसिंग पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा समोरच्याच्या पायांतला चेंडू वाकून उचलायला तयार नसायचा. "मास्साब, हमारे यहाँ किसी के पाँव में नहीं गिरते," म्हणायचा. आणि अनंतराव रेषेवरून ओरडायचे, "झुक बेटा, झुक! शरमा मत!" वर्षभर सगळ्या वस्तीनं ते ओरडणं ऐकलं. मग तो असा वाकायला लागला की ग्वाल्हेर-आग्र्याचे संघ त्याला घाबरायला लागले. शनिवारी रात्री रेडिओपाशी दुसरी खुर्ची त्याचीच असायची. मधूला त्या निकालांत कधी गोडी नव्हती. बाप पोरापेक्षा शिष्यात जास्त रमतो, हेही त्याला तेव्हा खुपायचं. आता लीड्स जिंकावी असं त्याला मनापासून वाटत होतं आणि असं वाटण्याची जरा लाजही वाटत होती.

*

शनिवारी लीड्सनं इंग्लंडातला मोठा चषक जिंकला. अनंतरावांनी रेडिओ बंद केला आणि न जेवता गच्चीवर जाऊन झोपले. आता सोमवारी तो संघ कुणाला ऐकतो? घरात सगळ्यांनी मनातल्या मनात डर्बीला निरोप देऊन टाकला.

रविवारी सकाळी दुर्गाबाई पीठ चाळून बसल्या आणि डब्यात बघतात तर गूळ पुरेसा नाही.

"मधू, सीपरी बाजारात जाऊन गूळ आण रे."

"मी नाही आणणार," मधुसूदन पेपरामागून म्हणाला. "अप्पांनी 'नाही' म्हटलं होतं. त्याचा तू 'हो' केलास. मला यात ओढू नकोस."

"मी जाते," शारदा म्हणाली. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, पण म्हणाली. गेल्या वर्षापर्यंत याच विषयावर ती मधूच्या बाजूनं बोलत असे.

तेवढ्यात अनंतराव आतून आले. खुंटीवरची पिशवी त्यांनी घेतली, छत्री घेतली आणि ते बाहेर पडले. अर्ध्या-पाऊण तासानं घामाघूम होऊन परत आले आणि गुळाची ढेप त्यांनी दुर्गाबाईंपुढे ठेवली.

"मऊ बघून आणलाय. दिवाळीतले अनारसे कडक झाले होते, तू म्हणाली होतीस."

एवढंच बोलून ते आंघोळीला गेले. दुर्गाबाई ढेपेकडे बघत राहिल्या. विचारावंसं खूप वाटत होतं. पण पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कळतं, की या माणसाला प्रश्न विचारला की तो आपलं बोलणं मागे घेतो. त्यांनी गूळ किसायला घेतला. मधुसूदननं पेपराचं पान उलटलं नाही बराच वेळ.

*

मंगळवारी पहाटे अनंतराव बैठकीत रेडिओला कान लावून बसले होते. विलायतेतले संध्याकाळचे सामने इथल्या मध्यरात्रीनंतर संपत, निकाल पहाटे कळे. खरखर, मग शिट्टी, मग लांबून आल्यासारखा तो शांत इंग्रजी आवाज. व्हिएतनामच्या बातम्या झाल्या, कसल्याशा संपाच्या झाल्या. आणि मग त्या आवाजानं, फार काही घडलं नाही अशा थाटात, सांगितलं की लीड्स दोनास एक अशी हरली, लिव्हरपूलला एकही गोल करता आला नाही, आणि लीगचा विजेता संघ डर्बी काउंटी आहे.

अनंतरावांनी रेडिओ बंद केला. वीस वर्षांपूर्वीचं ते मैदान, भिजलेले कोट, कारखान्यातली माणसं, आणि संघ खाली गेला त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात टाकून चालणारा एक म्हातारा लोहार, हे सगळं आत दाटून आलं. आनंद इतका झाला होता की तो कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांचं लक्ष गेलं.

दुर्गाबाई चहा घेऊन आल्या तर नवऱ्याचे डोळे वाहतायत.

"हरली का हो?"

"जिंकली."

"मग रडता कशाला?"

"सांगायला कुणी नाही, म्हणून."

दुर्गाबाईंनी चहा खाली ठेवला. त्यांनाही गलबलून आलं होतं, पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल?

"आज एकादशी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी तळते. शारदाला सांगते, उषाकडे निरोप घेऊन जा म्हणून."

अनंतरावांनी कप उचलला. 'नाही' असं म्हणाले नाहीत.

*

उषा दाराशी आलेल्या वहिनीला बघूनच समजली. निकाल तिला पहाटेच कळला होता. जयसिंगानं ट्रान्झिस्टर उशाशीच ठेवला होता आणि ऐकल्या ऐकल्या तो लहान पोरासारखा खोलीभर नाचला होता. मागल्या अधिकातला तो शब्द आईनं तिला आणि तिनं जयसिंगाला कधीच सांगितला होता. पण वहिनीला बघून आपले गार्डसाहेब हसत हसत दारात येतील असं तिला वाटलं होतं, ते काही झालं नाही.

"वन्सं, उद्या दोघं या. आईंनी वाणाला बोलावलंय," शारदा म्हणाली.

जयसिंगानं शारदाला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"भाभी, डर्बी जीत गई, मुझसे ज़्यादा ख़ुशी किसे होगी? पर मैं नहीं आऊँगा."

"क्यों भैया?"

"कल लीड्स एक गोल और मार देती, तो मैं क्या था? कुछ नहीं? मैं किसी टीम के भरोसे दामाद नहीं बनूँगा. मास्साब को मेरा प्रणाम कहिए."

उषाला नवऱ्याचा भयंकर राग आला. चार वर्षं ती या निरोपाची वाट बघत होती, सणावारी मंदिरात आईच्या मागे चार पावलं अंतर ठेवून उभी राहत होती. आणि राग आला तो जास्त यासाठी की त्याचं म्हणणं खरं होतं. तो बोलला नसता तर तिनंच कधीतरी हे मनात धरलं असतं.

"सांग वहिनी, तसंच सांग," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

*

शारदानं घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला.

"बघा!" मधुसूदन ऑफिसचा डबा घेता घेता म्हणाला. "एवढं बोलावलं तर हा माज. आता तरी पटलं ना?"

"माज नाही रे. बरोबर बोलला तो," अनंतराव म्हणाले आणि चपला घालायला लागले.

"अप्पा, तुम्ही जाणार? त्याच्या दारी?"

"मग काय निरोपावर निरोप धाडत बसू? चूक मी केली. पोरीचं माणूस आणि फुटबॉलचा निकाल एका दावणीला बांधला."

दुर्गाबाई लगबगीनं आत गेल्या आणि एक झाकणाचा लहान डबा घेऊन आल्या. "हा उषाच्या हातात द्या. काही बोलू नका. तिला कळेल."

मेचं ऊन डोक्यावर घेत अनंतराव रेल्वे कॉलनीत पोचले. जयसिंगानं दार उघडलं. चार वर्षांत दोघं स्टेशनावर कितीदा समोरासमोर आले होते आणि दर वेळी अनंतरावांनी घड्याळाकडे बघितलं होतं. आज बघायला घड्याळ नव्हतं.

"मास्साब, अंदर आइए. धूप है."

अनंतराव आत आले, बसले. उषानं पाणी पुढे केलं तर थेंबही न ठेवता प्यायले. मग त्यांनी डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण काढलं. आत अनारशाच्या पिठाचा एक गोळा होता. गुळाचा तो मुरलेला, किंचित आंबूस वास नाकाशी आला आणि उषाचे हात थांबले. तिनं बोटानं दाबून बघितलं. पीठ पुरतं तयार झालं होतं.

"अप्पा, हे तर सात-आठ दिवसांचं आहे."

"मागल्या मंगळवारी तांदूळ भिजले. गूळ मी आणला. रविवारी."

"रविवारी?" उषाला रडू आवरेना. तिनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, "सुनते हो? ये एक दिन में नहीं बनता. चावल आठ दिन पहले भिगोए हैं. गुड़ अप्पा ख़ुद लाए, इतवार को. डर्बी तो कल रात जीती है."

जयसिंग हिशेब करत उभा राहिला. इतवार. लीड्सनं चषक जिंकला त्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी डर्बीवर कुणी विश्वास ठेवला नसता, त्यानंही नव्हता ठेवला.

"उस दिन तो लीड्स को बस बराबरी चाहिए थी, मास्साब."

"हाँ, बराबरीच हवी होती," अनंतरावांची हिंदी आणि मराठी एकमेकांत मिसळली, "म्हणून तर गेलो. शनिवारी रात्री गच्चीवर पडल्या पडल्या वाटलं, झालं, संपलं. आता माझा शब्द खरा राहणार आणि मी घरात एकटा बसणार, आणखी तीन वर्षं. मग म्हटलं, जळो तो शब्द. पण बोलायचं धैर्य झालं नाही, म्हणून नुसता गूळ आणला. इतनी देर कर दी, बेटा. माफ़ कर."

जयसिंगानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

*

बुधवारी सकाळी घरभर तुपाचा आणि खसखशीचा वास होता. दुर्गाबाई तळत होत्या, शारदा थापत होती, आणि एकही अनारसा तुपात फुटून हसला नाही. रीतीप्रमाणे तेहतीस मोजून पितळेच्या ताटात रचले, त्यावर दिवा ठेवला, वर विणलेला रुमाल झाकला. मधुसूदन ऑफिसचे कपडे घालून तयार होता पण निघाला नव्हता. दारात उभा होता.

जयसिंग उंबऱ्याबाहेर थांबला. आत यायचं तर मधूच्या बाजूनंच यावं लागणार होतं.

"मधू," तो म्हणाला, "मुझे सबसे पहले तुझे बताना था. डर गया था."

"गोलकीपर होके डर गया?" मधुसूदन म्हणाला. आवाज कोरडा होता. पण तो बाजूला झाला, आणि जयसिंग आत आल्यावर त्यानं बाहेर राहिलेल्या त्याच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवल्या. हे फक्त शारदानं बघितलं.

जयसिंग पाटावर बसला, शेजारी उषा. अनंतराव आणि दुर्गाबाईंनी वाण दिलं. अधिकातला जावई म्हणजे नारायण. वाण दिलं की सासू-सासऱ्यांनी त्याला नमस्कार करायचा. दुर्गाबाईंनी केला. अनंतराव पुढे झाले तसा जयसिंग घाईघाईनं उठून मागे सरकला.

"नहीं मास्साब. आप नहीं. आप मेरे पाँव में नहीं झुकेंगे."

"क्यों? मैदानात काय सांगायचो मी तुला?"

जयसिंगानं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बोल ना. सारी वस्ती ने सुना है."

"झुक बेटा," जयसिंग कसाबसा म्हणाला. "शरमा मत."

"मग? नीट उभा रहा."

आणि अनंतराव वाकले. गुडघे दुखत होते, तरी पुरते वाकले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याच्या पायांना स्पर्श केला. उषा तोंडावर पदर धरून हुंदके देत होती. दुर्गाबाई यावेळी थांबल्या नाहीत, त्याही रडल्या.

जयसिंगानं त्यांना धरून उठवलं. बैठकीत मधुसूदन रेडिओपाशी काहीतरी सरकवत होता. बघतात तर त्यानं दुसरी खुर्ची फडक्यानं पुसून जागेवर आणून ठेवली होती. मग तो ऑफिसला निघून गेला.

"बैस," अनंतराव म्हणाले. "आता सांग. तुझ्या ट्रान्झिस्टरवर आवाज नीट आला का?"

"बहुत खरखर थी, मास्साब. लिव्हरपूल का सुनाई ही नहीं दिया. दो बार डर के मारे बंद किया."

"मीही," अनंतराव म्हणाले आणि खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. चार वर्षांचे निकाल बोलायचे राहिले होते. त्यांनी ताटातला एक अनारसा उचलला, मोडला आणि अर्धा जयसिंगाच्या हातावर ठेवला.